शेणोलीला गाडी थांबली

शाळेच्या पुस्तकात पत्री सरकार, म्हणजे इंग्रजी अमलात साताऱ्याकडच्या क्रांतिकारकांनी चालवलेलं प्रतिसरकार, दोन-तीन ओळींत आटोपलं होतं. वर्गाच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की फितुरांच्या पायाला म्हणे पत्रे ठोकायचे. यंदा मिरगाच्या तोंडावर साताऱ्याहून मिरजेकडे जाणारी पॅसेंजर पकडली, तेव्हा माझी शिदोरी याहून फार मोठी नव्हती.

कऱ्हाड गेलं की शेणोली. दोन मिनिटांचा थांबा, पण मी उतरलो. स्टेशन झोपाळू. रुळांच्या कडेला छोटं स्मारक आहे, तिथं जायला वाट विचारावी लागते आणि सांगणारा आधी तुमच्या पायांतल्या बुटांकडे बघतो. ७ जून १९४३ ला इथंच पत्री सरकारच्या लढाऊ दलानं, तुफान सेनेनं, पुणे-मिरज गाडी अडवली. पगाराची रक्कम घेऊन निघालेली गाडी. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, असे दोघे पुढारी. हत्यारं काय, तर विळे, काठ्या आणि एखाददुसरा गावठी बॉम्ब. पुढं रुळांवर दगड रचले, गाडी थांबली, मग शेवटच्या डब्यामागंही दगड रचले. म्हणजे मागं पळायलाही जागा नाही. हे मागचे दगड मला फार आवडले. गाडी लुटायची तर पुढं अडवायची, हे कुणालाही सुचेल. लूट हा शब्द मात्र कॅप्टन भाऊंना शेवटपर्यंत खपला नाही. इंग्रजांनी आपल्या लोकांकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असं ते वयाच्या नव्वदीपुढंही ठणकावून सांगत.

पुढच्या गाडीनं किर्लोस्करवाडी, तिथून वडापच्या जीपनं कुंडल, पत्री सरकारचं मुख्य ठाणं. दोन्हीकडं ऊस, मधे द्राक्षांचे मांडव. चहाच्या टपरीवर एक म्हातारबुवा भेटले. कशाला आलो ते सांगितल्यावर म्हणाले, "पाव्हणं, कुंडल संस्थानात व्हतं, हे ठावं हाय का?"

ठावं नव्हतं. घरी येऊन नकाशा पाहिला आणि सगळी भानगड उलगडली. औंध संस्थान सलग नव्हतंच. गोधडीच्या ठिगळांसारखे त्याचे तुकडे खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या मुलखात विखुरलेले, आणि त्यातलं एक ठिगळ म्हणजे कुंडल. राजा बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी १९३९ साली राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटनाच दिलेली. खालसातले पोलीस मागावर आले की संस्थानच्या हद्दीत शिरायचं. आज ती हद्द शोधून सापडत नाही. म्हातारबुवांनी मात्र हात लांब करून दाखवली, "त्यो बांध... न्हाई, त्याच्या पल्याडचा."

सरकार म्हणजे नुसते छापे नव्हेत, हेही तिथंच उमगलं. गावोगावी न्यायनिवाडे, दारूबंदी, सावकारांना वेसण, कमी खर्चातली गांधी लग्नं. जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजची सांगलीही होती, शेकडो गावांत हा कारभार १९४६ पर्यंत चालला. पायाच्या पत्र्याचं विचारलं तर म्हातारबुवा हसले. तळव्यावर काठ्या बसायच्या, बाकी लोकांनी घातलेली भर, असं त्यांचं मत. प्रतिसरकारचं पत्री सरकार झालं ते बोलता बोलताच, असं मला तरी वाटतं.

या सगळ्याचे म्होरके क्रांतिसिंह नाना पाटील, येडेमच्छिंद्रचे. एकेकाळी तलाठी. म्हणजे कुणाची जमीन कुठं संपते, हे ज्याला तोंडपाठ असतं तो माणूस! वर्षानुवर्षं भूमिगत राहिले, इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. हे कसं जमलं, याचं उत्तर टपरीवाल्या आजींनी दिलं. त्यांच्या सासूबाई रोज चार भाकरी जास्तीच्या थापायच्या आणि बुट्टी उसाच्या नव्हे, जोंधळ्याच्या रानात ठेवून यायच्या. "कुणासाठी, त्ये नाव घ्यायचं न्हाई, असं दटावायच्या. म्या नव्या नवरीची आले तरी दटावायच्या. तवर सोराज्य येऊन लई वरसं झालेली."

येडेमच्छिंद्र राहिलं. आभाळ भरून आलं होतं आणि शेवटची वडाप निघायच्या बेतात होती. परतीची गाडी शेणोलीला पोचली तेव्हा धो-धो पाऊस लागला होता. मी दारात उभा राहून स्मारक शोधत होतो. डब्यातला एकजण म्हणाला, "दार लावा की ओ, भिजतंय सगळं."