वागणं तेच, रचना नवी : एआय एजंटकडून जुना कोड सोपा करून घेताना

आमच्या बिलिंगच्या कोडमधल्या एका फंक्शनला, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, हात लावायला कोणी धजत नसे. सवलत, कर, परतावा, जुन्या ग्राहकांचे वेगळे दर, सगळं त्यातच कोंबलेलं. इफच्या (अटीच्या) आत इफ, त्यात लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग), लूपमध्ये पुन्हा इफ. ज्यांनी ते लिहिलं ते केव्हाच दुसऱ्या नोकऱ्यांवर गेले होते. नवा नियम आला की तळाशी आणखी एक इफ चिकटवायचा, हीच रीत पडली होती. सांगेल तसा कोड वाचून, लिहून देणारा एआय कोडिंग एजंट वापरायला मिळाला, तेव्हा हे फंक्शन त्याच्याकडून सोपं करून घ्यायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

‘हे फंक्शन रिफॅक्टर कर’ एवढं एक वाक्य लिहून मोकळं होता आलं असतं. एजंटने काही मिनिटांत सुबक, वाचनीय कोड दिलाही असता. पण तो जुन्यासारखाच वागतो की नाही, हे सांगणार कोण? रिफॅक्टरिंग म्हणजे बाहेरून दिसणारं वागणं न बदलता आतली रचना सुधारणं. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात सादर केलेल्या पीएचडी प्रबंधाचा गाभाच हा होता : प्रत्येक बदलाच्या काही पूर्वअटी असतात, त्या तपासूनच बदल करायचा, म्हणजे वागणं टिकतं. आयडीईमधलं (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधलं) नाव बदलण्याचं किंवा फंक्शन वेगळं काढण्याचं साधन आजही कोडची रचना तपासून मगच बदल करतं. एजंट तसं करेलच असं नाही. तो मुळात मजकूर लिहितो, बहुतेक वेळा अचूक लिहितो, पण अचूकतेची हमी त्याच्या लिखाणात नसते. ती आपल्याला बाहेरून उभी करावी लागते.

म्हणून सुरुवातीला एजंटला फाइल बदलायची परवानगीच दिली नाही. फक्त वाच आणि सांग : कोणती शाखा कोणत्या अटीवर चालते, डेटाबेस किंवा तारीख कुठे वापरली आहे, हे फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं. प्रत्येक विधानासोबत फाइल आणि ओळ क्रमांक द्यायचा, अशी अट घातली. त्यामुळे त्याचं म्हणणं लगेच ताडून पाहता येत होतं. या कामात एजंट खरोखर उपयोगी पडतो. मला डोकं धरून बसावं लागलं असतं असा गुंता त्याने व्यवस्थित उलगडून दाखवला.

मग टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम. जुन्या कोडवर पुस्तक लिहिणाऱ्या मायकेल फेदर्स यांनी ज्याला ‘कॅरॅक्टरायझेशन टेस्ट’ हे नाव दिलं, तो प्रकार इथे लागतो. कोडने काय करायला हवं हे या टेस्ट सांगत नाहीत. तो आज काय करतो, तेवढंच पकडून ठेवतात. एजंटला ही गोष्ट पुन्हा पुन्हा बजावावी लागली. फंक्शनचं नाव ‘सवलत काढा’ असेल तर योग्य सवलत किती यायला हवी याचा अंदाज बांधून तो टेस्ट लिहायचा. मला अंदाज नको होता. जुनं फंक्शन खरोखर चालव, जे उत्तर येईल तेच टेस्टमध्ये लिही, चुकीचं वाटलं तरी लिही आणि शेजारी टिपण ठेव, असा नियम केला. ग्राहकांची ओळख काढून टाकलेली खरी बिलं इनपुट म्हणून वापरली. आजची तारीख फंक्शनच्या पोटात वाचली जात होती, त्यामुळे तेच बिल उद्या वेगळं उत्तर देऊ शकत होतं. तारीख बाहेरून देता यावी, एवढाच मूळ कोडमधला पहिला बदल. तो मी स्वतःच केला.

टेस्ट पुरेशा आहेत का, हे कव्हरेजच्या, म्हणजे टेस्टमध्ये किती ओळी चालल्या याच्या, टक्क्यांवरून कळत नाही. ओळ चालली याचा अर्थ तिचा निकाल कोणी तपासला असा होत नाही. म्हणून मूळ कोडची एक प्रत घेऊन तिच्यात एजंटकडून मुद्दाम बिघाड करवून घेतले : ‘पेक्षा जास्त किंवा समान’च्या जागी नुसतं ‘पेक्षा जास्त’, बेरजेऐवजी वजाबाकी, अख्खी अट उलटी. याला म्यूटेशन टेस्टिंग म्हणतात, आणि आमचा कोड ज्या भाषेत आहे त्या पायथॉनसाठी म्यूटमटसारखी तयार साधनंही आहेत. बिघाड करूनही टेस्ट पास होत राहिल्या, तिथे आमचा पहारा नव्हता. सवलतीच्या मर्यादेवरच्या रकमा अशाच निसटलेल्या सापडल्या. त्या सगळ्यांवर टेस्ट आल्यावरच फंक्शन उघडलं.

आता नियम असे : एका कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलांत, एकाच प्रकारचा बदल. नावं बदलायची तर फक्त नावं, आणि तीही आयडीईकडून. फंक्शन वेगळं काढायचं तर मजकूर जसाच्या तसा हलवायचा, हलवताना सुधारायचा नाही. टेस्टचा फोल्डर एजंटने वाचायचा, त्यात लिहायचं नाही. हे सूचनांच्या फाइलमध्ये लिहिलं होतंच, शिवाय परवानग्यांमधूनही तो फोल्डर बंद केला. नुसत्या सूचनेवर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. संवाद लांबला की आधी सांगितलेल्या अटी मागे पडतात, म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी नवं सत्र उघडत गेलो. ‘सगळ्या टेस्ट पास झाल्या’ हे एजंटचं वाक्यही पुरेसं मानलं नाही. सीआयवर, म्हणजे प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, हिरवं दिसलं तरच पुढची पायरी.

एजंटला हातासरशी आणखी काही करायची फार हौस असते. लूप वेगळा काढायला सांगितला तर तो जवळची टिप्पणी पुसतो, एररचा संदेश सुधारतो, एखादी अट ‘सुटसुटीत’ करतो. अशीच एक अट होती : सवलत दिलेलीच नसेल तर ग्राहकाचा नेहमीचा सवलतीचा दर लावायचा. मूळ कोड विचारत होता, ‘सवलत नन (दिलेलीच नाही) आहे का?’ एजंटने ते ‘सवलत रिकामी आहे का?’ असं करून टाकलं. पायथॉनमध्ये शून्यही रिकाम्यातच मोडतं. म्हणजे ज्याला मुद्दाम शून्य सवलत दिली होती, त्यालाही नेहमीची सवलत मिळाली असती. टेस्ट फेल झाली. त्यावर एजंटने काय सुचवावं? टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदलण्याची परवानगी मागितली, आणि कारणही पटण्यासारखं दिलं. फोल्डर बंद नसता तर हा बदल मोठ्या डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत) सहज खपून गेला असता.

दुसरा प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन लूप दिसायला जवळपास सारखे होते. एक प्रत्येक ओळीचा कर राउंड करून मग बेरीज करायचा, दुसरा बेरीज करून शेवटी राउंड करायचा. एजंटने पुनरुक्ती म्हणून दोन्ही एकत्र करायचं सुचवलं. तीन ओळींचा कर प्रत्येकी ०.३३५ असेल आणि अर्ध्याला वर नेण्याचा नियम असेल, तर पहिल्या पद्धतीने १.०२ होतात, दुसऱ्या पद्धतीने १.०१. हा फरक कोडमध्ये लिहिलेला होता, त्यामागचं कारण मात्र कुठेच नव्हतं. हिशेब विभागाला विचारल्यावर कळलं, एक पद्धत बिलासाठी आहे, दुसरी गोषवाऱ्यासाठी, आणि दोन्ही तशाच हव्यात. दोन गोष्टींमधला फरक निरर्थक आहे असं ठरवल्याशिवाय कोड सोपा होत नाही, आणि ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती बरेचदा कोडच्या बाहेर माणसांकडे असते. एजंट कितीही हुशार झाला तरी त्याला ती कोणीतरी सांगावीच लागेल. दोन्ही लूप आम्ही ठेवले, त्यांना वेगळी नावं दिली आणि कारण वर लिहून ठेवलं.

न वापरलेला कोड काढतानाही असंच. एका फंक्शनला कोणीच बोलावत नाही असं एजंटने सांगितलं, आणि नाव शोधून पाहिलं तर खरंच कुठे सापडलं नाही. पण आमच्याकडे काही फंक्शनांची नावं कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या फाइलमधल्या) तुकड्यांवरून प्रोग्रॅम चालता चालता तयार होतात. म्हणून ते न काढता आत एक लॉगची ओळ घातली, ते चाललं की नोंद व्हावी म्हणून. महिनाअखेरच्या हिशेबात ती लॉगमध्ये उमटली, म्हणजे फंक्शन वापरात होतं.

रिव्ह्यूसाठी एक साधी सोय फार कामाला आली. गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) डिफमध्ये नुसत्या हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवता येतात. फंक्शन वेगळं काढण्याच्या कमिटमध्ये जवळजवळ सगळं त्याच रंगात दिसायला हवं. नेहमीचा हिरवा किंवा लाल जिथे दिसेल, तिथेच थांबून वाचायचं. सहकाऱ्यांनाही यामुळे तपासणं जमलं, नाहीतर एजंटचे लांबलचक डिफ कोणी मनापासून वाचत नाही.

शेवटी जुनं आणि नवं फंक्शन काही काळ सोबत चालवलं. ग्राहकाला उत्तर जुन्याचंच जायचं, नव्याचं फक्त ताडून पाहायचो, फरक आला की नोंद. दोन्ही फंक्शनं नुसता हिशेब करतात, कुठे काही लिहीत नाहीत, म्हणून हे शक्य झालं. फरकांच्या नोंदी थांबल्या, महिनाअखेरही तपासून झाली, तेव्हा नवं पुढे आणलं आणि जुनं वेगळ्या कमिटमध्ये काढलं, म्हणजे गरज पडली तर तेवढंच परत आणता येईल.

टेस्ट लिहिताना ‘चुकीचं वाटतं’ म्हणून ठेवलेली टिपणं अजून आहेत. परताव्यातली एक रक्कम नक्कीच चूक आहे, हे हिशेब विभागानेही मान्य केलं. ती रिफॅक्टरिंगच्या भरात दुरुस्त केली नाही, कारण ती दुरुस्ती वागणं बदलते. तिचं स्वतंत्र तिकीट (कामाची नोंद) आहे, आणि नव्या रचनेत त्यासाठी एकाच छोट्या फंक्शनमध्ये बदल करावा लागेल. त्यावर आता काम सुरू आहे.