तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत बंदूक रोखीने घ्यावी की कार्डाने?

कोल्हापुरात कॉलेजला असताना एनसीसीत पॉइंट टू-टूची, म्हणजे लहान गोळीची, रायफल हातात आली. ती ओढ टेक्सासात ह्यूस्टनला आल्यावरही सुटली नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर स्वतःची रायफल घेतली, आणि तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, "ताई, बँका म्हणे बंदुकीच्या खरेदीवर लक्ष ठेवतात, अडवतातसुद्धा. तुम्ही रोखच देत असाल ना?" विचारताना आवाज खाली गेलेला असतो, रोख म्हणजे जणू मागचं दार.

तसं दार परवानाधारक दुकानात नाही. पैसे कसेही द्या, आधी ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, ओळखपत्र दाखवायचं. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे तुमची पार्श्वभूमी तपासतो. ही यंत्रणा १९९८ पासून चालू आहे. फॉर्म दुकानात राहतो. पाच कामकाजाच्या दिवसांत दोन पिस्तुलं घेतलीत तर त्याची वेगळी खबर सरकारला जाते. दहा हजार डॉलरच्या वर रोख मोजलीत तर दुकानदाराला करखात्याला कळवावं लागतं, म्हणजे मोठ्या रकमेला रोखीचीच नोंद जास्त होते. खरी फट वेगळी आहे. टेक्सासात एखाद्याने आपली जुनी बंदूक शेजाऱ्याला खासगीत विकली तर ही तपासणी लागत नाही. बँकेचा हात तिथे पोचतही नाही.

मग बँकांनी अडवलं म्हणजे काय केलं? फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जणांचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात सिटीग्रुप या बड्या बँकेने आपल्या ग्राहक असलेल्या दुकानांना अटी घातल्या: तपासणी पूर्ण झाल्याशिवाय विक्री नको, एकविसाच्या आतल्यांना विक्रीवर बंधन. बँक ऑफ अमेरिकाने लष्करी धाटणीच्या रायफली सामान्यांसाठी बनवणाऱ्या कंपन्यांना कर्ज थांबवायचं ठरवलं. या अटी दुकानांवर आणि कारखान्यांवर होत्या, तुमच्या-माझ्या कार्डावर नव्हत्या. पुढे टेक्सासने २०२१ मध्ये कायदा केला, की शस्त्रउद्योगाशी भेदभाव करणाऱ्या कंपन्यांना सरकारी कंत्राट नाही. सिटीग्रुपने आपलं धोरण जून २०२५ मध्ये मागे घेतलं.

लोक घाबरतात ते ५७२३ या आकड्याला. प्रत्येक दुकानाचा कार्ड-व्यवहारासाठी एक कोड असतो. बंदुकांची दुकानं पूर्वी खेळाच्या सामानात किंवा किरकोळ दुकानांत मोडत. २०२२ मध्ये त्यांना हा स्वतंत्र कोड मिळाला. कॅलिफोर्नियाने तो सक्तीचा केला, टेक्सास आणि फ्लोरिडाने त्यावर बंदी घातली. हा कोड दुकान ओळखतो, वस्तू नाही. मी बंदूक ठेवायची तिजोरी घेतली काय आणि रायफल घेतली काय, त्याला दोन्ही सारखंच.

काही वर्षांपूर्वी एका दुकानात माझं कार्ड नाकारलं गेलं. तपासणी झालेली, रायफल काउंटरवर, मागे चार माणसं रांगेत. बँकेला फोन केला तर पलीकडची मुलगी विचारायला लागली, ही खरेदी तुम्हीच करताय का, कशासाठी करताय. चोरीचं कार्ड असेल अशी शंका आली असेल, पहिला प्रश्न मला समजतो. दुसरा प्रश्न मात्र आजही बोचतो. कशासाठी, हे विचारायचा अधिकार कायद्याला आहे, आणि तो लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाने वापरावा. बँकेला तो कुणी दिलेला नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी रोखीनेच व्यवहार केले. काही दुकानांत रोखीवर थोडी सूटही मिळते.

मग फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या हत्याकांडाबद्दल वाचलं, आणि माझं मत पुरतं हललं. जून २०१६ मध्ये तिथल्या नाइटक्लबात ४९ माणसं मारणाऱ्याने आधीच्या आठ महिन्यांत सहा नवी क्रेडिट कार्डं काढली होती. त्याचा कार्डावरचा खर्च तोवर महिन्याला दीड हजार डॉलरच्या आसपास असे. हल्ल्याआधीच्या बारा दिवसांत त्याने २६ हजारांहून जास्त उडवले: रायफल, पिस्तूल, हजारो काडतुसं, बायकोसाठी अंगठी. दोन दिवस आधी तो गूगलवर शोधत होता, कार्डावरचा वेगळा खर्च बँकेच्या लक्षात येतो का. बंदुका त्याने कायदेशीर दुकानातून, तपासणीतून पार होऊन घेतल्या.

हे वाचलं त्या रात्री मी रोख आणि कार्डाचा विचार पहिल्यांदा नीट केला. आपण सगळे त्याकडे दिसणं आणि लपणं म्हणून बघतो. पण रोख देणाऱ्याकडे आधी पैसे असावे लागतात. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी. परतफेड करायचीच नाही असं ठरवलेल्या माणसाला उधारीसारखी सोय नाही, आणि ती सोय बँकेनेच त्याच्या हातात दिली होती. त्यामुळे बँकेने माझ्यासारखीला "कशासाठी" विचारू नये असं मला आजही वाटतं. पण आपण दिलेलं कर्ज बारा दिवसांत कुठे चाललंय हे बघणं तिचं कामच आहे. त्यासाठी बंदुकीच्या दुकानाचा वेगळा कोडही लागत नाही. दीड हजारांवरून सव्वीस हजारांची उडी कुठल्याही कोडात दिसते. आणि कोडाच्या धास्तीने आम्ही सरळ माणसं रोखीकडे वळलो, तर नेहमीची खरेदी कशी असते हेच बँकेच्या नजरेआड होतं.

तर उत्तर असं, की मी आता डेबिट कार्ड वापरते. पैसे माझेच, साठवलेले, आणि पावती पक्की. परवा लेकीसाठी पॉइंट टू-टू घेतली तीही तशीच. पावतीवर रायफलचा नंबर लिहून घेतला. उद्या चोरी झाली तर पोलिसांना आणि विमावाल्यांना दाखवायला तोच लागणार आहे. पावती तिजोरीत नाही, बाहेर कागदपत्रांच्या फायलीत ठेवलीय. तिजोरीच गेली तर पावतीही जायला नको.