सांधा दिसता कामा नये

पुण्यात भिंतीची परीक्षा बोटाच्या पेराने होते. पाहुणे चहाचा कप ठेवतात, टकटक करतात आणि निकाल देतात, "पोकळ आहे हो!" जिप्सम बोर्डाची, म्हणजे दोन कागदांमध्ये जिप्सम भरलेल्या पत्र्यांची भिंत पोकळच असते, त्यात लाजायचं काय? खरा प्रश्न दोन बोर्डांमधल्या सांध्याचा.

तशी भिंत उभी करणं सोपं. दहा फूट लांब, नऊ फूट उंच पार्टिशनच्या दोन्ही बाजू मिळून १८० चौरस फूट. सहा बाय चारचा बोर्ड २४ चौरस फुटांचा, म्हणजे साडेसात लागतात. तुटफूट धरून नऊ आणावेत. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड वीसेक किलोचा. जिन्यातून उभाच न्यायचा, आडवा धरला की मधेच मोडतो. खाली-वर चॅनेल, म्हणजे पत्र्याच्या आडव्या पट्ट्या, त्यांत दर दोन फुटांवर स्टड, म्हणजे उभ्या पट्ट्या; बोर्ड त्यांवर बसतो. टीव्ही येणार असेल तिथे आधीच मागून प्लाय. कापताना कटरने पुढचा कागद चिरायचा, मागून गुडघा द्यायचा, मग मागचा कागद. खाली अर्धा इंच मोकळा ठेवायचा, नाहीतर फरशी पुसल्याचं पाणी बोर्ड शोषून घेतो.

२५ मिलिमीटरचे स्क्रू, कडेला आठ इंचांवर, मधे फुटावर. डोकं किंचित आत जावं, पण कागद फाटता कामा नये. बोर्ड धरून ठेवतो तो कागदच. फाटला तर तो स्क्रू फुकट गेला, शेजारी दुसरा मारा.

आता सांधा. बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम उतरत्या केलेल्या असतात, टेप त्या खोलगटात बसते. कापलेल्या कडेला असा उतार नसतो, तिथे हमखास उंचवटा येतो. म्हणून एका उभ्या रांगेत सहा फुटी बोर्ड खाली, तर शेजारच्या रांगेत वर. आडवे सांधे एका रेषेत येत नाहीत.

बरेच कारागीर इथे पीओपी भरून मोकळे होतात. टेप नसली की वर्षभरात केसाएवढी चीर पडते. त्यापेक्षा जॉइंटिंग कंपाउंड, म्हणजे सांधे भरायची खास लांबी, त्यात कागदी टेप, आणि वर कंपाउंडचेच पातळ हात. टेपखाली माल कमी पडला तर फुगे येतात. पहिला हात चार इंच रुंद, दुसरा आठ, तिसरा बारा, आणि कड भाकरीसारखी विरत जाणारी. एकाच जाड हातात काम उरकू नये, वाळताना कंपाउंड आकसतं आणि तडकतं. मे महिन्यात एक हात दुसऱ्या दिवशी वाळलेला असतो. जुलैत संततधार लागली की घाईचा उपयोग नाही, पंखा लावून बसा.

घासायला १५० नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने. रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरा, दिवसा न दिसलेले उंचवटे सावल्या टाकू लागतात. मग प्रायमर. रंगारी तो वाचवायला बघतो, वाचवू देऊ नका. कागद आणि कंपाउंड रंग सारखा पीत नाहीत, आणि एवढा घासलेला सांधा रंगातून पट्ट्यासारखा वर येतो.