कारखान्याला नाव कुणाचं?

कोल्हापूर जिल्ह्यातला एक साखर कारखाना कागदावर 'दूधगंगा-वेदगंगा', पण शेतकरी गावाच्या नावानं म्हणतो, "ऊस बिदरीला घातला." कुंभी-कासारी कारखान्याची नुसती 'कुंभी' होते. 'कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ' एवढं लांब कोण म्हणतंय? गोकुळ! लोक जे नाव तोंडात ठेवतात, तेच त्यांचं असतं. समाजवादी देशांतल्या कारखान्यांच्या नावांकडेही याच नजरेनं बघावं.

सोव्हिएत नावाची ठेवण ठरलेली होती: आधी 'झावोद', म्हणजे कारखाना, मग 'इमेनी', म्हणजे 'यांच्या नावाचा', मग व्यक्ती. पूर्व जर्मनीत नावाआधी 'फाउएबे' लागायचं, म्हणजे लोकांच्या मालकीचा उद्योग. आपल्याकडचं 'सहकारी' हेही मालकी सांगणारंच पद.

सगळ्यात बोलकं उदाहरण पेत्रोग्राडच्या पुतिलोव कारखान्याचं. पुतिलोव हा जुना भांडवलदार मालक. तरी 1922 मध्ये नाव ठेवलं 'क्रास्नी पुतिलोवेत्स', लाल पुतिलोववाला. मालकाचं नाव पुसलं का नाही? कारण 1905 च्या जानेवारीतला संप आणि 1917 च्या फेब्रुवारीतली उठावणी याच कामगारांनी गाजवली होती. 'पुतिलोववाला' ही तोवर कामगारांची ओळख झाली होती, मालकाची राहिली नव्हती. 1 डिसेंबर 1934 ला तिथले पक्षनेते किरोव यांचा खून झाला आणि कारखाना किरोवचा झाला. ते नाव मात्र टिकलं.

हयात पुढाऱ्याचं नाव दिलं की घोटाळा होतो. मॉस्कोची मेट्रो 1935 मध्ये पक्षनेते कागानोविच यांच्या नावानं सुरू झाली, 1955 मध्ये लेनिनची झाली. गोर्की शहरातल्या मोटार कारखान्यावर मोलोतोव यांचं नाव होतं. 1957 मध्ये ते पक्षनेतृत्वातून गेले, नावही गेलं. त्याच सप्टेंबरात हुकूम निघाला की कारखान्यांना, कोल्खोजांना (सामूहिक शेतांना), गावांना हयात व्यक्तीचं नाव द्यायचं नाही. हा नियम आपल्या सहकारी संस्थांनीही पोटनियमात घालावा, असं माझं ठाम मत आहे.

1956 मधला बदल त्यामानानं शहाणपणाचा. मॉस्कोच्या 'झिस' या मोटार कारखान्याच्या नावातल्या 'स'वर स्तालिन होता. तिथं 'ल' आला आणि 'झिल' झालं. 'ल' म्हणजे लिखाचोव, त्याच कारखान्याचे अनेक वर्षांचे संचालक. एक अक्षर बदललं आणि कारखाना आपल्याच माणसाच्या नावावर आला.

आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे सर्वसाधारण सभेचा ठराव आणि निबंधकाची मंजुरी मिळाली की संस्थेचं नाव बदलता येतं. हक्क आणि देणी तशीच राहतात. त्यानंतर शिक्के, बँक खाती, परवाने, पावतीपुस्तकं बदलायची. एखादं खातं जुन्याच नावावर राहिलं, की सभासदाचे पैसे अडकतात. आणि एवढं करूनही बिदरीचा शेतकरी बिदरीच म्हणणार. म्हणून सभेपुढं नाव ठेवण्याआधी वजनकाट्यावरच्या रांगेत जाऊन ऐकावं, लोक काय म्हणतात ते.