तिकडे म्हाताऱ्यांना कोण बघतं?

सुट्टीत सांगलीला आले की एक प्रश्न ठरलेला: "जर्मनीत मुलं आईबापांना वाऱ्यावर सोडतात, खरं का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला तरी तसं दिसलं नाही.

कोलोनला शिकताना मी ऐंशी ओलांडलेल्या एका आजींच्या घरी राहते. तिथल्या काही शहरांत 'वोनेन फ्यूर हिल्फे' ही सोय आहे: वृद्धांच्या घरात विद्यार्थ्याला खोली, आणि भाड्याऐवजी दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास मदत. वीज-पाण्याचे पैसे वेगळे. माझी खोली 15 चौरस मीटरची, म्हणून 15 तास: बाजारहाट, बागकाम, कधी नुसती फिरायला सोबत. अंघोळ घालण्यासारखी शुश्रूषा त्यात बसत नाही. हे तास मोजणं सुरुवातीला मला बोचायचं. आता वाटतं, म्हणूनच आजी मला मोकळेपणानं काम सांगू शकतात. त्यांना कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत.

मुलगा हॅम्बर्गला असतो, रविवारी फोन करतो. अंघोळीला नर्स येते. त्या खर्चाचा काही भाग 1995 साली सुरू झालेल्या सक्तीच्या शुश्रूषा-विम्यातून मिळतो. त्याचा हप्ता पगारातूनच कापला जातो. घरच्यांनी सेवा केली तरी विमा पैसे देतो, आणि अटींत बसलं तर सेवा करणाऱ्याच्या पेन्शनचा हप्ताही भरतो. शुश्रूषा लागणाऱ्या दर पाचांतले चार जण तिथेही घरीच असतात. हे इथे कुणाला खरं वाटत नाही.

आपल्याकडे 2007चा कायदा आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा-मुलगी, नातू-नातीवर टाकतो. त्यात सुनेचं नाव नाही, पण करते तीच. माझ्या आजीचं अंथरुणातलं सगळं आईनं केलं, नोकरी सोडून. सून असावी तर अशी, असं सगळे म्हणाले. तिच्या बुडालेल्या पेन्शनबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तरी एक गोष्ट मी कोलोनच्या बाजूनं बोलू शकत नाही. आजी गेली तेव्हा आमचं घर माणसांनी भरलेलं होतं. तिथल्या आजी मात्र, मी घरी नसले तर, संध्याकाळभर कुणाशी बोलत नाहीत. ही उणीव कुठलाच विमा भरून काढत नाही.

यंदा दादाशी बोलायचंय: आईबाबांचं पुढे कोण करणार, किती, कुणाच्या पैशानं. वहिनी घरात यायच्या आधी.