परभणीत जोडलेले हैदराबाद स्क्वाड्रनचे स्पिटफायर

विमानांच्या प्रतिकृती जोडणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचा ओढा साहजिकच मिग-२१, नॅट आणि मारुत या भारतीय हवाई दलाच्या विमानांकडे असतो. तरीही मराठवाड्यातल्या छांदिष्टाने एक तरी स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान, जोडावे आणि त्यावर ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची ‘यूएम’ ही अक्षरे लावावीत, असे मला मनापासून वाटते. निजामाने दिलेल्या देणगीमुळे या तुकडीच्या नावाला ‘हैदराबाद’ जोडले गेले आणि तिच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण आले. त्या संस्थानात १९४८ पर्यंत आपला मराठवाडा होता आणि इथल्या काळ्या रानांचा शेतसारा त्याच खजिन्यात जमा होत असे. म्हणूनच १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या वॉर्मवेल तळावरून जर्मन विमानांशी झुंजलेली ही स्पिटफायर मला परकी वाटत नाहीत.

खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११.२ मीटर, त्यामुळे १/७२ प्रमाणात ते साडेपंधरा सेंटीमीटर भरतात. जोडणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वैमानिकाच्या बैठकीचा भाग आधी रंगवून मगच धडाच्या दोन बाजू मिटवाव्यात, आणि पंख धडाला मिळतो तिथली फट पुट्टीने भरून बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवावा.

खरी कसोटी रंगकामात लागते, कारण किटसोबतच्या सूचना थंड हवेच्या देशांतल्या घरांना धरून लिहिलेल्या असतात. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या साधनातून, निघालेला अ‍ॅक्रिलिक रंग प्लास्टिकवर टेकण्याआधीच हवेत सुकू लागतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यासाठी रंगात सुकणे लांबवणारे रिटार्डर थेंबभर घालावे, एअरब्रश जरा जवळ धरावा आणि हे काम उन्हे चढण्याआधी उरकावे. पंखा बंदच ठेवावा, नाहीतर धूळ ओल्या रंगावर येऊन बसते. वरच्या बाजूला गडद तपकिरी आणि गडद हिरवा, पोटाला फिकट हिरवट ‘स्काय’, अशी त्या उन्हाळ्यातली रंगसंगती आहे.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायची चिन्हे आणि अक्षरे, लावताना आपल्या बोअरच्या पाण्याचा विचार करावाच लागतो. या जड पाण्यातले क्षार पारदर्शक पापुद्र्याखाली वाळले की गोल चिन्हाच्या कडेने पांढुरका डाग उमटतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. आरओ फिल्टरचे पाणी वाटीभर घ्यावे. त्याआधी विमानावर चकचकीत वार्निशचा हात द्यावा, कारण खरखरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि ती चंदेरी दिसते. डिकल पाण्यात क्षणभर बुडवून ओल्या कागदावर ठेवले की थोड्या वेळाने ते आपणहून सरकू लागते. मग मऊ कुंचल्याने जागेवर न्यावे आणि वरून ते मऊ करणारे द्रावण लावावे. त्यानंतर पापुद्रा भीती वाटावी इतका सुरकुततो, पण त्याला बोटही लावू नये. वाळताना तो स्वतःच ताणला जाऊन पत्र्यांच्या सांध्यांत नीट बसतो. या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

हीच तुकडी १९४३ च्या अखेरीस भारतात आली आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. ते विमान जोडायचे असेल तर किट मार्क आठ या स्पिटफायरच्या नंतरच्या आवृत्तीचे घ्यावे लागते आणि चिन्हेही बदलतात. जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गफलत होऊ नये म्हणून या आघाडीवरच्या विमानांच्या गोल चिन्हांतून लाल रंग काढून टाकला होता आणि फिकट व गडद निळा एवढेच रंग ठेवले होते. इंग्लंडमधल्या विमानाचे उरलेले डिकल त्यावर चालत नाहीत. वेगळा संच मागवावा.