पिंगळा ११५ ग्रॅम

सायकलच्या मागच्या चाकात जो पाव इंची छर्रा असतो, तो जवळपास १ ग्रॅम भरतो. ही माहिती कुणाच्या काय कामाची, असं तुम्हाला वाटेल. मला तिचं रोज काम पडतं. मी क्रोशावर पक्षी विणते, आणि ते खऱ्या पक्ष्याच्या वजनाचे करते.

क्रोशा आमच्याकडे आईपासून. माझ्या रुखवतात तिने विणलेलं तोरण होतं, टीव्हीवर टाकायचा रुमाल होता आणि तांब्याभांड्यांवर ठेवायची जाळीची गोल झाकणं होती. झाकणांच्या कडेला काचेचे मणी ओवलेले असत. दिसायला छान, पण त्यांचं खरं काम जाळी वाऱ्याने उडू न देण्याचं. तेवढी झाकणं सोडली तर बाकी सगळं विणकाम लांबून बघायचं. मुलांनी हात लावला की मळतं! मला मात्र हातात घ्यायची, खिशात टाकायची वस्तू करायची होती. शिवाय डोंबिवली ते सीएसएमटी लोकलमध्ये मांडीवर चादर पसरून विणता येत नाही, मूठभर पक्षी विणता येतो. समोरची बाई मेथी निवडत असते, मी पंख विणत असते.

वजनाचं वेड लावलं ते एका तांबटाने. फोर्टातल्या आमच्या ऑफिसच्या जिन्याला मोठी काच आहे, तिच्यावर आपटून तो खाली गप्प बसला होता. अंग हिरवं, कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं. उन्हाळाभर टुक टुक करून डोकं उठवतो तोच हा. मी दोन्ही हातांनी उचलला आणि हात एकदम वरच गेले. हातांनी जेवढ्या वजनाची तयारी ठेवली होती तेवढं तिथे नव्हतंच. रिकाम्या खोक्यात अंधार करून ठेवला, थोड्या वेळाने झाकण काढलं तर समोरच्या पिंपळावर निघून गेला. घरी येऊन वाचलं, तांबट ४० ग्रॅमच्या आसपास असतो. मग शोकेसमधली माझी लोकरीची चिमणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. ५८ ग्रॅम! खरी चिमणी असते पंचविसाच्या आसपास. कापूस कोंबून कोंबून मी तिची कोंबडी केली होती.

आपल्याकडच्या पक्ष्यांच्या पुस्तकांत आकार सांगायची एक जुनी पद्धत आहे: चिमणीएवढा, बुलबुलापेक्षा मोठा, साळुंकीएवढा. फार सोयीची. पण त्यातून वजन कळत नाही, कारण पक्षी म्हणजे निम्मा पिसांचा फुगवटाच. लोकरीत हे उलट होतं. मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड टाका, घट्ट विणला की कापड जाड होतं, आणि सैल विणला तर आतला कापूस बाहेर डोकावतो. त्यामुळे लहान पक्ष्यांत वजन भरायचा प्रश्नच येत नाही, ते कमी कसं करायचं याचीच मारामारी असते. चिमणीसाठी मी आता बारीक लोकर आणि २ मिलिमीटरची सुई घेते. विणून, रेक्रॉन म्हणजे उशीत भरायचा कृत्रिम कापूस भरून ती बावीसेक ग्रॅम होते. उरलेले तीन छर्रे छातीत.

छातीतच, शेपटीकडे नाही. उडायचे स्नायू तिथे असतात, पक्ष्याचं मांस मुख्यतः तिथलंच. वजन मागे गेलं की पक्षी हातात मागे कलंडतो, आणि कितीही सुबक विणलेला असला तरी तो उशीसारखा लागतो. पुढे ठेवलं की बोटं आपोआप छातीखाली जातात, खरा पक्षी धरताना जातात तशी.

शिंजीर तर लोकरीत होतच नाही. बोटभर पक्षी, वजन दहा ग्रॅमच्या आत. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमचं असतं, तेवढंच धरून चाला. त्यासाठी क्रोशाचा बारीक सुती दोरा लागतो, आईने रुमालाला वापरायचा तो. नराची निळी-जांभळी झळाळी सुतात येत नाही, म्हणून भरतकामाच्या रेशमाचा एक पदर सोबत घेते. आमचा काटा एवढं बारीक वजन नीट दाखवत नाही, तेव्हा नाक्यावरच्या सोनाराकडे गेले. त्याने शिंजीर काट्यावर ठेवला, ७.८ वाचलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘ताई, घडणावळ किती लावता?’

वजन भरायची खरी मजा पिंगळ्यात, म्हणजे छोट्या घुबडात आहे. तो साधारण साळुंकीएवढा, २१ सेंटिमीटर, वजन ११५ ग्रॅम धरते. डोकं-धड एकसंध विणते. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात, सहा टाके घ्यायचे आणि पुढे सहाचा पाढा म्हणत वाढवत जायचं: बारा, अठरा, चोवीस, तीस, थेट अठ्ठेचाळीसपर्यंत. मग बऱ्याच फेऱ्या न वाढवता सरळ. मानेशी थोडं घटवायचं, कारण पिंगळ्याला मान अशी दिसतच नाही, नुसती सुरकुती पडल्यासारखी दिसते. तोंड बंद करायच्या आधी सगळं काट्यावर ठेवते: रिकामं अंग, पंख, पाय, भरायचा कापूस. चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे पंच्याहत्तर छर्रे.

छर्रे सायकलवाल्याकडून आणले की त्यांना ग्रीस असतं. भांड्याच्या साबणाने दोनदा धुऊन, पुसून, उन्हात वाळवायचे, नाहीतर आतून काळा डाग बाहेर येतो. मग मलमलीच्या तुकड्यात त्यांची पुरचुंडी बांधायची, आणि तिला आणखी एका कापडाची पिशवी शिवायची. ही पुरचुंडी लिंबापेक्षाही लहान होते. ती पोटात खाली, किंचित पुढे. तिच्याभोवती कापूस दाबून भरायचा नाही, विंचरून, मोकळा, हवा राहील असा भरायचा. पिंगळा हातात घेतला की बोटं आधी त्या फुगवट्यात रुततात आणि मग आत काहीतरी छोटं, ठाम लागतं. घुबडं अशीच असतात. ते गोल गरगरीत रूप सगळं पिसांचं, आत पक्षी एवढासाच. डोळे पिवळे, वर पांढरी भुवई. रागावलेला चेहरा भुवईच्या तीन टाक्यांत येतो किंवा येत नाही.

सासूबाईंनी पहिला पिंगळा बघून ‘घरात घुबड कशाला गं?’ म्हटलं होतं. आता टीव्ही बघताना तो त्यांच्याच मांडीवर असतो. विचारलं तर म्हणतात, ‘मालिका संपेपर्यंत धरलाय.’

तांदूळ, मोहरी किंवा चिंचोके का भरत नाही, असं बऱ्याच जणी विचारतात. बाळाच्या मोहरीच्या उशीचं ठीक आहे, ती उसवून मोहरी उन्हात घालता येते, बदलता येते. शिवून बंद केलेल्या खेळण्यात तांदूळ भरा आणि एक पावसाळा जाऊ द्या, पोरकिडे स्वतःहून बाहेर येऊन उत्तर देतील. साध्या छर्ऱ्यांना पाणी लागलं की गंजतात. म्हणून जे खेळणं धुवायचं आहे त्यात काचेच्या गोट्या घालते. नेहमीची गोटी पाच-साडेपाच ग्रॅमची. फक्त प्रत्येकीला कापूस गुंडाळायचा, नाहीतर पिंगळा खडखडतो.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मी हे करत नाही, कितीही ओळखीतलं घर असलं तरी. छर्रा घशात अडकू शकतो. प्लास्टिकचे डोळेही निघतात, म्हणून मी डोळे दोऱ्यानेच भरते. आणि वजनाचं खेळणं तान्ह्याच्या पाळण्यात तर अजिबात नको. इन्स्टाग्रामवर हल्ली किलो-किलोची जनावरं विकतात आणि वर लिहितात की चिंता पळते, झोप लागते. असेलही कुणाला गुण येत. मी तसलं काही सांगून विकत नाही. मी एवढंच सांगते की पिंगळा एवढा असतो.

सोसायटीतली मुलं आता वजनं ओळखतात. डोळे मिटून हातात द्यायचं: चिमणी, तांबट की साळुंकी? तांबट आणि चिमणीत गफलत होते, खार मात्र लगेच ओळखतात. ती शंभर ग्रॅमच्या पुढे जाते, पण शेपटीत वजन शून्य. एकाने शेकरू मागितलं. आपला राज्यप्राणी, मागणी रास्त आहे, पण ते दीड-दोन किलोचं जनावर, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. लोकलच्या पिशवीत मावणार नाही. त्याला सांगितलंय, मी रिटायर झाले की.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कबुतर हवंय. सव्वातीनशे ग्रॅमचं, विणायला सोपं, करड्या लोकरीचे दोन गोळे घरात पडूनही आहेत. पण आमच्या बाल्कनीची जाळी, एसीचं कॉम्प्रेसर आणि कुंड्या बघा, मग मला सांगा. कबुतर मी विणणार नाही.